संगणकाच्या फाशामागचे गणित

इंदूरमध्ये लोकमान्य नगर किंवा राजेंद्र नगरातल्या मराठी घरांत कॉलेजच्या वयाची मुले असली, तर रोल-प्लेइंग गेमविषयी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन संगणकावर खेळायच्या खेळाविषयी, एक तक्रार हटकून ऐकायला मिळते: ‘काका, हा गेम चीटिंग करतो.’ तक्रार बहुधा संवादाच्या प्रसंगाची असते. पहारेकऱ्याला गोड बोलून वळवायचे, धमकवायचे की सरळ थाप मारायची, असे पर्याय पडद्यावर येतात. त्यांतला एक निवडला की वीस बाजूंचा फासा गरगरतो आणि नेमका कमी आकडा पडतो. आधीच्या सेव्हपासून, म्हणजे खेळ जिथे जतन करून ठेवला होता तिथून, पुन्हा खेळावे तर तिथेच वेगळा आकडा येतो, त्यामुळे संशय अधिकच बळावतो.

आधी साधा हिशेब पाहू. गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या 1974 सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळाच्या परंपरेतला ‘बाल्डर्स गेट 3’ (2023) हा संगणकावरचा गेम घेऊ. पहारेकऱ्याचे मन वळवायला 15 हवेत आणि आपल्या पात्राच्या वाक्चातुर्याचे 3 मिळतात असे समजल्यास फाशावर किमान 12 पडले पाहिजेत. म्हणजे वीसपैकी नऊ बाजू अनुकूल, शक्यता 45 टक्के. दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत मिळाली, तर हीच शक्यता सुमारे 70 टक्क्यांवर जाते, कारण आता दोन्ही फासे फसले तरच अपयश येते. सवलत नसेल, तर ओळीने चार वेळा तोंडघशी पडण्याची शक्यता 9 टक्क्यांहून थोडी अधिक, म्हणजे मुळीच दुर्मिळ नाही.

आता खरी गंमत. संगणकाजवळ फासा नसतोच, नुसते अंकगणित असते. एक संख्या घ्यावी, तिला 5 ने गुणावे, 3 मिळवावेत, 16 ने भागून उरलेली बाकी लिहावी आणि त्या बाकीवर हीच कृती पुन्हा करावी. 7 पासून निघाल्यास 6, 1, 8, 11, 10, 5, 12 असे आकडे येत जातात आणि 0 ते 15 मधली प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्यावर सोळाव्या पायरीला पुन्हा 7 येतो. पाहणाऱ्याला यात क्रम लागत नाही. परंतु 7 ही बीजसंख्या, म्हणजे सुरुवातीची संख्या, ज्याला ठाऊक आहे, तो पुढचा प्रत्येक आकडा कागदावर काढू शकतो. बारकाईने पाहिल्यास विषम, सम, विषम, सम असा ठेकाही दिसतो. पाचपट करून 3 मिळवले की समाचे विषम आणि विषमाचे सम होते, आणि 16 स्वतः सम असल्यामुळे बाकी काढताना त्यात बदल होत नाही. सम आल्यास यश आणि विषम आल्यास अपयश असा नियम या सूत्रावर बेतला, तर चाणाक्ष खेळाडू तासाभरात चोरी पकडेल. म्हणून प्रत्यक्षात कितीतरी मोठ्या मापाची सूत्रे वापरतात. मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या ‘मर्सेन ट्विस्टर’ची मालिका 2 चा 19937 वा घात उणे 1 इतक्या पायऱ्यांनंतर पुन्हा सुरू होते, ही संख्या नुसती लिहायला सहा हजारांहून अधिक अंक लागतात.

बीजसंख्या अनेकदा घड्याळातून घेतली जाते, म्हणून पुन्हा खेळताना आकडा बदलतो. ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’मध्ये (2012) ती सेव्हबरोबरच साठवली जाते, तिथे संवादाऐवजी गोळीचा नेम असतो, पण सेव्ह उघडून तीच चाल केल्यास तोच नेम पुन्हा चुकतो. गाडीसाठी शुभांकाचा नंबर शोधणाऱ्यांप्रमाणे काही खेळाडू बटण दाबण्याचा ‘मुहूर्त’ साधतात. क्षण बदलल्याने आकडा बदलू शकतो, हे खरे. पण कोणता क्षण लाभाचा, हे त्या सूत्रालाही आधी कळत नाही आणि ज्योतिषाला तर नाहीच.

ओळीने आलेले अपयश माणसाला पटत नाही, हे गेम बनवणारे पक्के ओळखून आहेत. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये ‘कार्मिक डाइस’ नावाची सोय आहे, जी अपयशाची माळ लागू नये म्हणून फासा किंचित झुकवते. ती मुळातच चालू असते. बंद करायची तर सेटिंगमध्ये जावे लागते, आणि चीटिंगची तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांनी ते कधी उघडलेलेच नसते.