तिहोंग की कामाकुराबोरी? फुलं नंतर बघा, आधी मागची जमीन बघा

लाल रंगाची, तळहातावर मावणारी गोल डबी. झाकणावर उठावात कोरलेलं मोठं फूल. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावात अशी डबी दिसली की तिच्याखाली सरसकट ‘चिनी कोरीव लॅकर’ असं लिहिलेलं असतं. पण ती जपानी कामाकुराबोरीही असू शकते. चिनी तिहोंग, म्हणजे कोरीव लाल लॅकर, आणि ही कामाकुराबोरी फोटोत अगदी सख्ख्या बहिणी वाटतात, घडण मात्र पूर्ण वेगळी. तिहोंगमध्ये सुरी चालते ती लॅकरवर. कामाकुराबोरीत आधी लाकूड कोरतात आणि लॅकर त्यावर मागाहून चढतं.

हे लॅकर म्हणजे सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख नव्हे. लाख किड्यापासून मिळते. चीन-जपानचं लॅकर हा एका झाडाच्या खोडाला खाचा पाडून गोळा केलेला चीक. तो अंगाला लागला तर पुरळ उठतं. सुकायला त्याला कोरडी हवा चालत नाही, ऊब आणि दमटपणा लागतो. तिहोंगसाठी या चिकात हिंगूळ मिसळून लाल रंग आणतात आणि लाकडी गाभ्यावर पुटावर पुट देत जातात. एक पुट सुकल्याशिवाय दुसरं देता येत नाही. शंभर पुटं झाली तरी जाडी भरते जेमतेम काही मिलिमीटर, आणि त्या काही मिलिमीटरमध्येच कारागिराला फुलं, पक्षी, डोंगर, मंडप सगळं बसवायचं असतं. कुठे कुठे मध्येच एखादं काळं पुट दिलेलं सापडतं. किती खोल आलो हे त्यावरून सुरीला कळायचं.

लॅकरला लाकडासारखे रेषे नसतात, त्यामुळे सुरी कुठल्याही दिशेने तितकीच सहज फिरते. तिहोंगची बारीक नक्षी यातूनच आली, आणि तिचं खरं वैभव मागच्या जमिनीत, म्हणजे आकृत्यांमागच्या मोकळ्या भागात आहे. निसर्गदृश्य असलेलं, चीनच्या मिंग राजवटीच्या काळातलं एखादं तबक जवळून पाहा. झाडाखाली कुणी विद्वान उभा असतो, मागे मंडप, समोर तळं. त्याच्या डोक्यावर आकाश म्हणून आडव्या, तुटक रेषांची नक्षी. पाण्याच्या जागी लाटांच्या वळणदार रेषा. पायाखाली चौकटीचौकटीत बसवलेली चिमुकली फुलं, ती भूमी. आकाश, पाणी आणि भूमी यांच्या नक्ष्या अशा ठरलेल्याच असत. रंग एकच, लाल. तरी डोळा कुठे चुकत नाही. चित्रकलेत याच्या तोडीची युक्ती मला दुसरी आठवत नाही. नुसत्या फुलांच्या तबकात मात्र ही जाळी नसते. तिथे शेवंती, कमळ, कॅमेलिया, पिओनी अशी फुलं दाटीवाटीने बसवतात आणि फटींतून खालचा पिवळसर थर डोकावतो.

मिंगच्या आधीच्या युआन राजवटीत चीनच्या चेजियांग प्रांतातल्या चांग छंग आणि यांग माओ यांचं नाव या कामात सर्वांत मोठं होतं. मिंग सम्राट योंगलं याच्या दरबारी वस्तूही याच परंपरेतल्या. १४०३ साली त्याने जपानचा सत्ताधीश आशिकागा योशिमित्सू याला कोरीव लॅकर भेट म्हणून पाठवलं. पुढे जियाजिंग सम्राटाच्या काळात नक्षीत ताओपंथी करकोचे आणि दीर्घायुष्याची अक्षरं आली, तर छ्येनलोंग सम्राटाच्या काळात ‘वसंत’ हे अक्षर मोठं कोरलेल्या डब्या. छ्येनलोंगकालीन कामाची सफाई थक्क करते, पण माझा जीव पंधराव्या शतकातल्या मऊ, गोलसर कडांवर जास्त आहे.

जपानमध्ये हे चिनी काम झेन पंथाच्या बौद्ध मठांतून पोचलं. तिथल्या कामाकुरा शहरातल्या मूर्तिकारांचा लाकडावर हात बसलेला होता, तेव्हा त्यांनी ती नक्षी लाकडातच उतरवली आणि वर काळं, मग लाल लॅकर चढवलं. याला स्वस्तातली नक्कल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. लाकडाला रेषे असतात, बारीक जाळी कोरायला गेलं तर कपची उडते, म्हणून फुलं मोठी झाली, पानं रुंद झाली आणि मागच्या जमिनीवर सुरीचे उथळ घाव मुद्दाम तसेच राखले गेले. १८६८ नंतर बौद्ध मठांचा आश्रय आटला, तेव्हा हेच मूर्तिकार तबकं, डब्या, आरसे अशा घरगुती वस्तूंकडे वळले. आज बाजारात फिरणारी बरीचशी कामाकुराबोरी त्यानंतरची.

वस्तू हातात आली की आधी कडेचा टवका शोधा. तिहोंगचा टवका उडाला तर आतही लाल लॅकरच दिसतं. कामाकुराबोरीत पातळ सालीखाली लगेच लाकूड. हाताळून झिजलेल्या उंचवट्यांवर कामाकुराबोरीत लालखालचं काळं डोकावतं, खोलगट कोपऱ्यांत लॅकर साचून कडा बोथट होतात. तिहोंगच्या कडा कापलेल्या असतात, त्यामुळे त्या फुलाच्या तळापर्यंत स्पष्ट उतरतात. साच्यात ओतलेल्या राळेच्या आधुनिक लाल बांगड्या आणि डब्या ओळखणं त्याहून सोपं: जोडाची रेघ सापडते आणि पाकळीच्या खालून सुरी गेलेली कुठेच दिसत नाही. बनावट मालाची तक्रार मात्र जुनी आहे. आतून लुकणाचा उठाव आणि वरून लाल लॅकर, अशा खोट्या तिहोंगबद्दल त्साओ झाओ या चिनी जाणकाराने १३८८ सालीच सावध केलं होतं.

जमीन बघून, म्हणजे मागे बारीक जाळी किंवा पिवळसर थर आहे की सुरीचे उथळ घाव हे पाहून ओळखण्याची युक्ती एका ठिकाणी फसते. तिशी नावाच्या चिनी प्रकारात जमीन नसतेच, सगळीकडे फक्त वळणदार वेलांट्या. जपानी त्याला गुरी म्हणतात, आणि हीच नक्षी कामाकुराबोरीतही उतरलेली आहे. अशा वेळी भिंग घेऊन खाचेच्या उतारावर पाहायचं. तिशीत लाल आणि काळी पुटं आलटून पालटून दिलेली असतात, म्हणून उतारावर वहीच्या पानांसारख्या समांतर रेघा दिसतात. कामाकुराबोरीत खाचेचा उतार वरपासून खालपर्यंत एकाच सालीने झाकलेला असतो.