हबल अवकाश दुर्बिणीची कक्षेतील दुरुस्ती

स्पेस शटल यानांतून हबल अवकाश दुर्बिणीपर्यंत गेलेल्या अंतराळवीरांनी १९९३ ते २००९ या काळात पाच मोहिमांत तिची दुरुस्ती व सुधारणा केली. पृथ्वीपासून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या या दुर्बिणीची बहुतेक उपकरणे सुटी करून बदलता येतील आणि अंतराळवीराला बाहेरून धरायला दांडे मिळतील, अशी तिची रचना मुळातच केलेली होती.

एप्रिल १९९० मधील प्रक्षेपणानंतर काही आठवड्यांतच तिच्या प्रतिमा अस्पष्ट येत असल्याचे दिसले. आरसा घडवताना त्याचा आकार तपासणाऱ्या उपकरणातील एक भिंग सुमारे १.३ मिलिमीटर सरकलेले असल्यामुळे २.४ मीटर व्यासाच्या मुख्य आरशाची कड सुमारे २ मायक्रोमीटर जास्त सपाट झाली होती. आरसा बदलणे शक्य नव्हते. म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातील अंतराळवीरांनी पाच स्पेसवॉक करून, दोष भरून काढणारे छोटे आरसे असलेले कोस्टार हे उपकरण आणि तशीच दुरुस्ती अंगभूत असलेला नवा कॅमेरा बसवला.

पुढील मोहिमांत नवी उपकरणे आली, दुर्बिणीची दिशा अचूक राखण्यास मदत करणारे, बिघडलेले जायरोस्कोप बदलले गेले. २००२ मध्ये वीजनियंत्रक बदलण्यासाठी दुर्बीण प्रक्षेपणानंतर प्रथमच पूर्णपणे बंद करावी लागली. ती पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसताना पत्करलेला हा धोका या साऱ्या इतिहासात फार मोठा म्हणावा लागेल.

कोलंबिया शटल यानाच्या २००३ मधील दुर्घटनेनंतर २००४ मध्ये रद्द झालेली आणि २००६ मध्ये पुन्हा मंजूर झालेली अखेरची मोहीम मे २००९ मध्ये अटलांटिस यानातून गेली. कौशल्याच्या दृष्टीने ती सर्वांत अवघड होती, कारण कक्षेत उघडण्यासाठी न बनवलेली दोन उपकरणे तिच्यात आतून दुरुस्त करायची होती. त्यांपैकी वर्णपटमापकाचे (प्रकाश रंगांत विभागून मोजणाऱ्या उपकरणाचे) झाकण शंभरहून अधिक बारीक स्क्रूंनी बसवलेले होते. सुटलेला एकही स्क्रू दुर्बिणीत तरंगत जाऊ नये म्हणून झाकणावर आधी एक पारदर्शक पट्टी बसवायची होती. मात्र तिच्या आड येणाऱ्या दांड्याचा एक बोल्ट झिजून फिरेनासा झाला. जमिनीवरील अभियंत्यांनी तशाच दांड्यावर किती जोर लागतो हे तपासल्यावर माइक मॅसिमिनो यांनी तो हाताने ओढून तोडला, मग स्क्रू काढून बिघडलेले विद्युतमंडल बदलले. नव्या उपकरणांत दोषनिवारणाची सोय आता अंगभूत असल्याने कोस्टार याच मोहिमेत परत आणले गेले.

शटल यानांची सेवा २०११ मध्ये संपल्यानंतर हबलकडे अंतराळवीर गेलेले नाहीत. सुमारे १५ लाख किलोमीटर दूर असलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या रचनेत अशा दुरुस्तीची सोय ठेवलेली नाही.