कॅच-अप टीव्ही आणि देशाची हद्द

कॅच-अप टीव्ही म्हणजे टीव्हीवर लागून गेलेला कार्यक्रम नंतर त्या चॅनेलच्याच अ‍ॅपवर किंवा साइटवर बघायची सोय. रात्रीची सिरीयल चुकली तर दुसऱ्या दिवशी जेवताना मोबाइलवर लावायची, एवढंच. इंटरनेट सगळीकडे पोचतं म्हणून ही सोयही सगळीकडे मिळत असेल असं कुणालाही वाटेल, पण बहुतेक चॅनेलांच्या बाबतीत ती त्यांच्या देशाच्या आतच चालते, बाहेर पडलं की व्हिडिओऐवजी माफी मागणारी एक ओळ येते. या अडवाअडवीला जिओब्लॉकिंग म्हणतात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण बीबीसीच्या आयप्लेअरचं. तो २००७ च्या नाताळच्या दिवशी रीतसर सुरू झाला, तेव्हा कार्यक्रम साधारण सात दिवस राहायचे, २०१४ मध्ये त्याचे ३० दिवस झाले आणि २०१९ पासून बरेच कार्यक्रम वर्षभर ठेवायची परवानगी मिळाली. मुदत अशी वाढत गेली, हद्द मात्र होती तिथेच राहिली, ती म्हणजे फक्त युनायटेड किंगडम. यात एक गंमत आहे. १ सप्टेंबर २०१६ पासून आयप्लेअरवर काहीही बघायला टीव्ही लायसन्स, म्हणजे तिकडे टीव्ही बघण्यासाठी भरायची वार्षिक फी, लागतं (एप्रिल २०२५ मध्ये ती १७४.५० पौंड झाली होती), पण व्हिडिओ लावताना फक्त लायसन्स आहे का असं विचारतात, तुम्ही 'आहे' वर टिचकी मारली की झालं. म्हणजे पैसे भरलेत की नाही हे विश्वासावर, आणि बसलाय कुठल्या देशात हे मात्र डोळ्यात तेल घालून बघायचं! त्यामुळे इमानदारीत लायसन्स भरणारा माणूस सुट्टीला पुण्यात आईकडे आला की तोही बाहेरचाच ठरतो. त्यातल्या त्यात पळवाट अशी की निघायच्या आधी घरूनच एपिसोड डाउनलोड करून आणायचे, ते परदेशातही चालतात आणि यात चोरून काही नाही, बीबीसीच तसं सांगते.

देश ओळखतात तो आयपी अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटला जोडल्यावर मिळणाऱ्या नंबरावरून. प्रत्येक इंटरनेट कंपनीकडे नंबरांचे ठरलेले गठ्ठे असतात आणि कुठला गठ्ठा कुठल्या देशातला याच्या याद्या विकत मिळतात, सर्व्हर फक्त ती यादी बघतो. ती कधीकधी चुकते. व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमधून फिरवून आणणारी सोय) घेऊन लोक दुसऱ्या देशात असल्याचं भासवतात, मग कंपन्या व्हीपीएनचेच नंबर शोधून बंद करतात, व्हीपीएनवाले नवीन नंबर आणतात, असा हा उंदरामांजराचा खेळ कधीपासून चालू आहे.

खरं कारण टेक्निकल नाहीच, ते हक्कांचं आहे. कार्यक्रमाचे हक्क देशादेशाप्रमाणे वेगवेगळे विकले जातात. चॅनेलने एखादा सिनेमा किंवा अमेरिकन सिरीज घेतली असेल तर ती आपल्या देशापुरती घेतलेली असते, आणि स्वतः बनवलेल्या कार्यक्रमातही गाणी, जुनी फुटेज, नटांचे करार असं सतरा जणांचं काहीतरी अडकलेलं असतं. शिवाय स्वतःचा माल बाहेर विकून पैसे मिळत असतील तर तो फुकट कोण दाखवेल? बीबीसीचं विक्रीचं दुकान वेगळं आहे, बीबीसी स्टुडिओज नावाचं. जुलै २०११ मध्ये पश्चिम युरोपातल्या ११ देशांत पैसे देऊन बघायचा ग्लोबल आयप्लेअर आयपॅडवर आणून बघितला, तो २०१५ मध्ये बंद केला. मग मार्च २०१७ मध्ये आयटीव्ही या दुसऱ्या ब्रिटिश चॅनेलबरोबर ब्रिटबॉक्स हा पैसे देऊन बघायचा अ‍ॅप आला, आधी अमेरिकेत, आणि २०२४ मध्ये आयटीव्हीचा हिस्साही बीबीसी स्टुडिओजनेच घेतला.

तसं हे अडवणं आयप्लेअरच्या आधीपासूनचं आहे. २००३ मध्ये बीबीसीने सॅटेलाइटवरचं एन्क्रिप्शन, म्हणजे सिग्नलला घातलेलं कुलूप, काढलं आणि त्याऐवजी चॅनेलं अशा सॅटेलाइटवर नेली ज्याचा झोत मुख्यतः ब्रिटनवरच पडायचा. तरीही स्पेनला जाऊन राहिलेले ब्रिटिश म्हातारे गच्चीवर परातीच्या कितीतरी पट मोठ्या डिश लावून ते पकडायचेच, मग २०१४ मध्ये झोत आणखी आवळला गेला आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे टीव्ही एका दिवसात काळे झाले. रेडिओचं मात्र तितकं कडक नव्हतं, तो बराचसा जगभर ऐकायला मिळायचा, पण २०२५ च्या जुलैमध्ये बीबीसी साउंड्स अ‍ॅपही ब्रिटनबाहेरच्यांसाठी बंद झालं.

सगळेच इतके कडक नाहीत. जर्मनीच्या एआरडी आणि झेडडीएफ या चॅनेलांच्या मीडियाटेक नावाच्या कॅच-अप सेवेतलं पुष्कळ काही भारतातून सरळ चालतं, अडतात ते मुख्यतः सिनेमे, विकत घेतलेल्या सिरीज आणि खेळ. खेळांचं तर फारच. एआरडीचं 'टागेसशाऊ' हे बातमीपत्र ऑनलाइन बघताना मध्येच फुटबॉल किंवा ऑलिंपिकची बातमी आली की खेळाडूंच्या जागी एक पाटी येते, हक्कांमुळे ही चित्रं दाखवता येत नाहीत अशी, आणि निवेदकाचा आवाज मागे आपला चालूच. फ्रान्स-जर्मनीचं आर्टे हे चॅनेल तर इंग्रजी, स्पॅनिश, पोलिश, इटालियनमध्येही सबटायटल देऊन दाखवतं.

युरोपियन युनियनने यावर नियमही केला, तो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे: पैसे भरून घेतलेली सेवा युनियनमधल्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेल्यावरही मिळालीच पाहिजे. फुकट सेवांना सक्ती नाही, त्यांनी हवं तर द्यावी. आणि घर बदलून कायमचं तिकडे गेलात तर नियम लागू नाही. २०२१ सुरू होताच ब्रिटन यातूनही बाहेर पडलं.

आपल्याकडे गणित उलटं आहे. मराठी सिरीयलचा प्रेक्षक न्यू जर्सीत आणि दुबईतही बसलाय, तिथे दुसरं कुणी त्या घ्यायला रांगेत उभं नाही, म्हणून चॅनेलवाले अडवण्यापेक्षा तिकडेच दुकान लावतात. झी मराठीच्या मालिका असलेलं झी५ फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतात आलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये १९० हून जास्त देशांत, फक्त अमेरिका राहिली, तिथे ते पोचायला जून २०२१ उजाडलं. हॉटस्टारचं अमेरिकेत याच्या उलट झालं, २०१७ मध्ये गेलेलं अ‍ॅप २०२२ मध्ये गुंडाळून त्यातला माल हुलू या तिथल्या अ‍ॅपवर नेला. आणि अ‍ॅपचं नाव तेच असलं तरी आतलं कपाट देशागणिक वेगळं असतं, त्यामुळे ठाण्याच्या आजींनी फोनवर "अगं बघ ना तो सिनेमा, आलाय" म्हणून सांगितलेलं तिकडच्या नातीला शोधून सापडत नाही, आणि आजींना वाटतं हिला नीट शोधताच येत नाही.