पहिला डिटेक्टर घेताना आधी माती बघा

लावणीच्या दिवसांत मावशीच्या पायातलं एक जोडवं खाचरात गेलं. चिखलात पाय रुतला, तो ओढून काढला, आणि घरी पडवीत पाय धुताना बोट मोकळं दिसलं. लग्नातलं, चांदीचं. भातकापणी उरकल्यावर दिवाळीनंतर मी एक स्वस्तातला मेटल डिटेक्टर घेऊन गावी गेलो. बांधावरून खाली उतरलो, कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेली तारेच्या वेटोळ्यांची तबकडी, जमिनीजवळ नेली आणि यंत्र किंचाळायला लागलं. दोन पावलं पुढे गेलो, तरी तेच. कॉइल उचलली की गप्प, खाली नेली की पुन्हा कलकलाट. जेवणाच्या वेळेपर्यंत नऊ खड्डे खणून झाले. हाती आले ते जांभ्याचे खडे.

त्या यंत्रात काही बिघाड नव्हता. त्याला खरोखरच काहीतरी जाणवत होतं, आणि ते होतं आमच्या शेतातल्या मातीतलं लोह. पहिला डिटेक्टर घेताना जाहिरातीतल्या खोलीच्या आकड्याआधी पायाखालची माती का बघावी, हे मला त्या दिवशी कळलं.

डिटेक्टरचं काम समजायला १८३१मध्ये मायकेल फॅरडेने दाखवलेलं तत्त्व पुरतं. तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते क्षेत्र जवळच्या धातूत वीज खेळवतं. हे प्रवाह पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे गोल फिरतात. त्यांना एडी करंट म्हणतात. या भोवऱ्यांचंही स्वतःचं लहानसं चुंबकीय क्षेत्र असतं. कॉइलमधलं दुसरं वेटोळं ते ऐकण्यासाठीच असतं. छंदासाठीची बहुतेक यंत्रं ३ ते ३० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात, म्हणजे सेकंदाला काही हजार वेळा ही हाक जाते आणि प्रतिसाद परत येतो.

हे तत्त्व वापरून हरवलेली वस्तू शोधण्याचा एक जुना आणि करुण प्रयत्न टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने केला होता. जुलै १८८१मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात नेमकी कुठे अडकली आहे हे कळत नव्हतं, म्हणून बेल आपलं ‘इंडक्शन बॅलन्स’ नावाचं यंत्र घेऊन गेला. त्याच्या प्रयोगांमध्ये यंत्र चालत होतं. राष्ट्राध्यक्षांच्या पलंगापाशी मात्र सगळीकडेच अस्पष्ट आवाज येऊ लागला. गादीखाली धातूच्या स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. मला या प्रसंगात आमचं खाचर दिसतं. शोधायची वस्तू लहान, आणि तिच्या आजूबाजूचं सगळंच बोलणारं.

आता खोलीकडे येऊ, कारण दुकानात पहिला प्रश्न तोच विचारला जातो: किती खोल जाईल? कॉइलपासून दूर जाताना चुंबकीय क्षेत्र झपाट्याने विरतं. कॉइलच्या रुंदीच्या मानाने वस्तू बरीच लांब असेल, तर ते साधारण अंतराच्या घनाने कमी होतं. धातूकडून येणारा प्रतिसादही परतीच्या वाटेवर तसाच विरतो. जाताना घन, येताना घन. मिळून सहावा घात. अंतर दुप्पट झालं की प्रतिसाद ६४ पट क्षीण. म्हणूनच दहापट महागडं यंत्रसुद्धा दहापट खोल जात नाही. नाण्याएवढी वस्तू बऱ्या जमिनीत साधारण १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंत सापडते. महाग यंत्र घेतलं तर त्यात थोडी भर पडते, एवढंच. मोठी कॉइल अधिक खोल बघते हे खरं, पण ती मातीही जास्त बघते आणि बारीक वस्तू तिच्या नजरेतून सुटतात. एवढ्याशा यंत्राने एक रुपयाचं नाणं काही मीटर खोलवरून सापडतं असं कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडून घेऊ नका.

मग पैसे कशासाठी मोजायचे? महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसासाठी माझं उत्तर एकच आहे: ग्राउंड बॅलन्ससाठी, म्हणजे मातीचा आवाज वजा करण्याच्या सोयीसाठी.

राज्याचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे तो बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं आणि दगड झिजून माती झाली तरी त्याचे कण मातीत राहतात. कोकणात याच कातळाचा जांभा झाला. त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरची काळी वाळूही अशा जड खनिजांची. याची परीक्षा घरबसल्या करता येते. जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि कोरड्या मातीतून चार-पाच वेळा फिरवा. पिशवीच्या तळाला काळे केस उगवल्यासारखी बारीक पूड चिकटते. पिशवी पांढऱ्या कागदावर धरून आतून चुंबक काढून घेतलं की ती पूड खाली गळते. आमच्या खाचरातल्या ओंजळभर मातीतून चिमूटभर निघाली. हीच पूड ज्या मातीत जवळजवळ सापडत नाही, तिथे कुठलाही साधा डिटेक्टर गुण्यागोविंदाने चालतो. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या माणसाने केलेलं स्वस्त यंत्राचं कौतुक त्याच्या मातीत खरं असतं आणि आपल्याकडे खोटं ठरतं.

या कणांचा प्रतिसाद चांदीच्या प्रतिसादापेक्षा वेगळा असतो. कणांत भोवरे फिरत नाहीत, ते नुसते चुंबकित होतात आणि कॉइलच्या तालावर जवळपास लगेच साथ देतात. चांगल्या वाहक धातूतला भोवरा मात्र तालाच्या मागे राहतो. यंत्र हा मागे राहण्याचा फरक मोजतं. मातीचा ताल एकदा ओळखून तेवढाच वजा करायचा, म्हणजे ग्राउंड बॅलन्स. करायची रीतही सोपी. धातू नसलेल्या जागी बटण दाबून कॉइल जमिनीवर वीतभर उंचीपर्यंत वर-खाली करायची. आवाज बदलेनासा झाला की माती गप्प झाली. जांभ्यात एक अडचण उरते. त्यातले अतिसूक्ष्म कण चुंबकत्व क्षणभर धरून ठेवतात, म्हणून तेही थोडे मागे रेंगाळतात, आणि किती रेंगाळतात हे दहा पावलांवर बदलतं. तिथे बॅलन्स पुन्हा पुन्हा करावा लागतो. अगदी स्वस्त यंत्रांत हा बॅलन्स कारखान्यातच एका ठरावीक मातीसाठी कायमचा बसवलेला असतो. माझ्या पहिल्या यंत्रात तसाच होता.

कॉइलचा प्रकारही याच कारणाने महत्त्वाचा. एकात एक वर्तुळं असलेली कॉन्सेंट्रिक कॉइल खाली शंकूसारखी बघते. इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी पाठीला पाठ लावून, मधे थोडी एकमेकांवर चढवली की होते डबल-डी; ती सुरीच्या पात्यासारख्या पट्टीत बघते. एका वेळी कमी माती नजरेत येते, म्हणून गडबडही कमी. आपल्याकडे डबल-डीच घ्यावी.

प्रत्यक्ष यंत्रांची नावं घ्यायची तर टेक्ससच्या गॅरेटचं एस २५० हे अनेकांचं पहिलं यंत्र ठरलेलं आहे: ६.५ किलोहर्ट्झ, कॉन्सेंट्रिक कॉइल, ग्राउंड बॅलन्स आधीच ठरलेला. हलकं आहे, शिकायला सोपं आहे, पण जांभ्यासाठी मी ते सुचवणार नाही. तुर्कस्तानच्या नोक्ताचं सिम्प्लेक्स प्लस २०१९च्या सुमारास ३०० डॉलरच्या आत आलं: १२ किलोहर्ट्झ, डबल-डी कॉइल, ग्राउंड बॅलन्स आपल्या हातात, आणि अख्खं यंत्र ३ मीटर पाण्यात चालतं. ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅबचं व्हॅन्क्विश ३४० त्याच वर्षी २०० डॉलरच्या आसपास आलं. ते एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालतं आणि बॅलन्स आपणहून सांभाळतं. ओली खारट वाळू स्वतःच वीज वाहते, तिथे एकाच फ्रीक्वेन्सीचं यंत्र बडबडतं, म्हणून समुद्रकिनाऱ्यासाठी मी व्हॅन्क्विश घेईन. शेतासाठी सिम्प्लेक्स. दोन्ही जुनी विकत मिळतात आणि जुनं घ्यायला हरकत नाही. फक्त बॅटरीचा कप्पा उघडून गंज बघा, कॉइलची वायर हलवून आवाज तुटतो का ते पाहा. आयात केलेल्या नव्या यंत्रावर जकात आणि कुरिअरचा खर्च चढतो, तो आधी विचारून घ्या.

सगळे पैसे यंत्रावर घालू नका. बोटभर लांबीच्या टोकाने खड्ड्यातली वस्तू नेमकी दाखवणारा पिनपॉइंटर निम्मं खणणं वाचवतो. खुरपं घरात असतंच. हेडफोन लावले की क्षीण आवाज कळतात.

आता आकड्यांबद्दल, कारण नवा माणूस इथे हमखास फसतो. यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक वस्तूचा एक आकडा येतो. लोखंड खाली, चांदी-तांबं वर. पण हा आकडा धातूचं नाव सांगत नाही. वस्तूची वाहकता, आकार आणि जाडी यांचा एकत्रित परिणाम सांगतो. सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी बऱ्याचदा एकाच आकड्यावर येतात. कडी नको म्हणून तो आकडा बंद केला तर अंगठीही गेली. आपली हल्लीची एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, त्यामुळे त्यांचा आकडा जागेवर राहत नाही. सोन्याची बारीक साखळी तर अवघडच. कडीकडीतून भोवरा नीट फिरत नाही, आणि यंत्राला दिसलं तर एखादा हूक किंवा मंगळसूत्राची वाटी दिसते. अखंड अंगठी मोठ्याने बोलते, तीच कापलेली असेल तर पुटपुटते.

मावशीचं जोडवं खालून उघडं होतं, बोटाला सैल-घट्ट करता यावं म्हणून. म्हणजे पुटपुटणाऱ्यांतलं. दुसऱ्या खेपेला मी मित्राचं ग्राउंड बॅलन्सचं यंत्र मागून नेलं. तोवर एक गोष्ट सुचली होती: हरवलेल्याचा जोडीदार मावशीच्या दुसऱ्या पायात आहे.

“मावशी, ते दुसरं जोडवं जरा काढून देतेस का?”

“आणि तेही हरवलंत म्हणजे? दोरा बांध त्याला आधी.”

लाल दोरा बांधून ते तिच्याच खाचरात वीतभर खाली पुरलं, वरची माती दाबली आणि कॉइल फिरवली. सरळ गेलं तर आकडा ५८, आडवं गेलं तर ६१, त्यापलीकडे नाही. वीसएक वेळा फिरवून तो आवाज कानात बसवला. यंत्र विकत घेण्याआधी शक्य असेल तर हेच करा: आपल्याला जे शोधायचं आहे तसलीच वस्तू, आपल्याच मातीत, मोजून पुरून. दुकानात हवेत नाणं धरून केलेली चाचणी मातीबद्दल काहीच सांगत नाही.

याच छंदाच्या नावावर फसवणूकही चालते. हातात धरायच्या दांड्यावर फिरणारी अँटेना आणि ‘दूरवरून सोनं दाखवतं’ असा दावा, अशी यंत्रं महाग विकली जातात. तशाच घडणीचं एडीई ६५१ नावाचं ‘बॉम्बशोधक’ यंत्र इराकच्या चौक्यांवर वापरलं गेलं. त्यात चालणारं इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं. ते विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३मध्ये ब्रिटनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली, पण तोवर त्या चौक्यांवर विश्वास ठेवलेली माणसं गेली होती.

कायद्याचं थोडं, पण नक्की. जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं १८७८च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टनुसार बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकांच्या आवारात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि आपले कितीतरी गड त्यात येतात. गडावर यंत्र नेऊच नका. तिथली एक शिवराई मातीच्या ज्या थरात आहे, तो थरच तिचा कागद आहे. ती उपटून खिशात टाकली की नाणं उरतं, इतिहास जातो. इंग्लंडमध्ये होक्सन गावी नोव्हेंबर १९९२मध्ये एरिक लॉज शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होता. त्याला रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी लागली. थोडं खणून तो थांबला आणि त्याने कळवलं. पुरातत्त्वज्ञ आले आणि १४ हजारांहून अधिक नाणी, दागिने, चमचे जिथल्या तिथे नोंदवून निघाले. कुठली वस्तू कुठल्या पेटीत ठेवली होती हेही त्यावरून कळलं. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आमच्या खाचरात दुसऱ्या खेपेला तीन आवाज लागले. पहिला नांगराच्या फाळाचा तुकडा, दुसरा कसल्याशा औषधाच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण. तिसरा बांधाच्या कडेला, धसकटांच्या ओळीत. ५९, मग ६०, पुन्हा ५९. खुरप्याने ढेकूळ उचललं, पिनपॉइंटर लावला, ढेकूळ हातात फोडलं. जोडवं काळवंडलं होतं. मावशीने ते पदराला पुसलं, बांधावर बसून दोन्ही शेजारी धरून पाहिली आणि म्हणाली, “दोरा सोड आता त्याचा.”