जिओकॅशिंग आणि हातातले जीपीएस यंत्र

जिओकॅशिंग : कुणीतरी लपवून ठेवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढण्याचा मैदानी खेळ. या डब्याला ‘कॅश’ म्हणतात. पैशाच्या कॅशशी त्याचा संबंध नाही. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला आहे. डब्यात एक वही किंवा कागदाची गुंडाळी असते. डबा सापडला की तिच्यावर नाव आणि तारीख घालायची आणि तो होता तिथे, होता तसा परत ठेवायचा. आत एखादी बारीकसारीक वस्तू असेल तर ती घेता येते, पण तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवून. नियम पाच मिनिटांत कळतात. उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा सांगणारे जीपीएस यंत्र हाताला बसायला मात्र चार-दोन रविवार जातात, म्हणून ही नोंद मुख्यतः यंत्राबद्दल आहे.

उगम. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ पासून ‘लेटरबॉक्सिंग’ नावाचा असाच एक खेळ चालत आला आहे. तिथे दगडांच्या आडोशाला ठेवलेली पेटी खुणांवरून शोधतात. जिओकॅशिंगचा जन्म मात्र अगदी तारीखवार सांगता येतो. जीपीएस ही अमेरिकी लष्कराची यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला. १९८३ मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले, त्यानंतर रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने ही सेवा नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. पण नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम खोट मिसळलेली असे, आणि त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. शंभर मीटरच्या घेरात डबा शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. १ मे २००० रोजी बिल क्लिंटन यांनी ही खोट काढून टाकण्याची घोषणा केली आणि त्याच मध्यरात्री ती बंद झाली. लोकांच्या हातातली यंत्रे तीच राहिली, चूक मात्र दहा-वीस मीटरांवर आली.

३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक इथे एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत वही-पेन्सिल, पुस्तके, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि बीन्सचा एक बंद डबा होता. ती पहिल्यांदा सापडली माइक टीग यांना. ‘जिओकॅशिंग’ हे नाव मॅट स्टम यांनी त्याच महिन्यात सुचवले, आणि २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे संकेतस्थळ सुरू केले तेव्हा त्यावर अवघे ७५ डबे होते. आज जगभरात तीस लाखांहून अधिक आहेत. गंमत अशी, की जिच्यापासून हे सगळे सुरू झाले ती बादली आजच्या नियमांत बसणार नाही. जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय डबा जमिनीत पुरायचा नाही आणि त्यात खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत, हे आता पक्के ठरलेले आहे. तो बीन्सचा डबा मात्र अजून एखाद्या अवशेषासारखा जपला जातो.

आकड्यांची लिपी. नवशिक्याची पहिली चूक रानात होत नाही, घरी आकडे भरतानाच होते. एकच जागा तीन पद्धतींनी लिहिता येते : दशांश अंशांत, अंश आणि दशांश मिनिटांत, किंवा अंश-मिनिटे-सेकंदांत. जिओकॅशिंगमध्ये मधली पद्धत रूढ आहे. अल्मर यांच्या बादलीचा अक्षांश असा दिला जातो : उत्तर ४५° १७.४६०′. यातले ४६० म्हणजे सेकंद नव्हेत, मिनिटाचे हजारांश आहेत. ०.४६० ला ६० ने गुणले की २७.६ सेकंद येतात. म्हणजे तोच अक्षांश ४५° १७′ २७.६″, किंवा १७.४६० ला ६० ने भागून ४५.२९१००°. आता कुणी घाईत ‘१७ मिनिटे, ४६.० सेकंद’ असे वाचले, तर फरक पडतो १८.४ सेकंदांचा. अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटर, म्हणजे गडी साडेपाचशे मीटरहून अधिक उत्तरेला जाऊन झुडपे धुंडाळत बसणार. रेखांशाने मात्र त्याला सावध केले असते. तो आहे पश्चिम १२२° २४.८००′, आणि त्याच चालीने वाचला तर सेकंद येतात ८०. साठाच्या वर सेकंद दिसले की थांबावे, आपण लिपीच चुकीची वाचतो आहोत.

मिनिटाचा एक हजारांश अक्षांशात १.८५ मीटर भरतो. रेखांशात तो विषुववृत्तापासून दूर जावे तसा आकसतो. पुण्याच्या अक्षांशावर पावणेदोन मीटरांच्या आसपास. शेवटच्या अंकाला किती महत्त्व द्यायचे ते यावरून ठरते. सेटिंगमध्ये आणखी एक जागा पाहून घ्यायची ती म्हणजे डेटम, पृथ्वीचा आकार कोणत्या मापाने धरला आहे ते. जिओकॅशिंगला ‘डब्ल्यूजीएस ८४’ लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट डेटमवर आहेत. जुन्या टोपोशीटवरून उचललेले आकडे तसेच यंत्रात घातले तर महाराष्ट्रात जागा शंभर मीटरच्या आगेमागे सरकते. गडावरचे पाण्याचे टाके यंत्रात दरीत दिसायला लागते ते बहुधा याच कारणाने.

आकाशाचे पान. जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक जण ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता अमुक वेळ झाली’ असे सतत सांगत असतो. संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणून सगळा खेळ घड्याळावर चालतो. उपग्रहात अणुघड्याळ असते, आपल्या हातातल्या यंत्रात साधे. ही घड्याळाची चूक काढण्यासाठीच तीनऐवजी चार उपग्रह लागतात.

प्रत्येक यंत्रात उपग्रहांचे एक पान असते. वर्तुळाचा मध्य म्हणजे आपले डोके, कड म्हणजे क्षितिज, आणि आत क्रमांक मांडलेले. लोक हे पान पाहतच नाहीत आणि थेट बाणाकडे जातात, हे शिकवणाऱ्यांचे जुने दुखणे आहे. उपग्रह चहूकडे विखुरलेले असतील तर जागा नेमकी मिळते. सगळे एका बाजूला गोळा झाले असतील तर आठ-दहा दिसूनही ती ढिलीच राहते. अरुंद घळीत किंवा कड्याखाली नेमके असेच होते. शिवाय कड्यावर आपटून आलेला संदेश लांबचा रस्ता घेऊन येतो आणि यंत्राला वाटते उपग्रहच लांब आहे. सांदण दरीत बसल्या जागी यंत्र आपल्याला पलीकडच्या भिंतीत नेऊन बसवू शकते. ओली पाने आणि माणसाचे शरीर, दोन्ही सिग्नल खातात. म्हणून यंत्र विजारीच्या खिशात न ठेवता सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवावे. चपट्या अँटेनाची यंत्रे तळहातावर आडवी धरावीत. ज्यांच्या डोक्यावर जाड शेंडी असते ती उभी.

बरेच दिवस बंद असलेले किंवा हजार मैल प्रवास केलेले यंत्र सुरू केले की त्याला उपग्रहांचे पंचांग नव्याने उतरवून घ्यावे लागते. पूर्ण पंचांग यायला साडेबारा मिनिटे लागतात. तोवर उघड्यावर ठेवून चहा प्यावा. गाडीतून उतरल्या उतरल्या चालत सुटणाऱ्यांची पहिली पाच मिनिटे वाकडी जातात, ती यामुळे.

बाण. डब्याचे अक्षांश-रेखांश ‘वेपॉइंट’ म्हणून साठवायचे आणि ‘गो टू’ दाबायचे, की पडद्यावर बाण आणि अंतर येते. इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली : साध्या यंत्रांत चुंबकीय होकायंत्र नसते. आपले तोंड कुठे आहे हे त्यांना आपण चालत असतानाच कळते. उभे राहून यंत्र फिरवत बसणाऱ्याला बाण वाट्टेल ते सांगतो. होकायंत्र असलेले यंत्र उभ्या उभ्याही दिशा दाखवते, पण सेल बदलल्यावर ते पडद्यावर सांगेल तसे फिरवून जुळवून घ्यावे लागते, आणि हे गाडीच्या बॉनेटजवळ करू नये. ओरेगनसारख्या ठिकाणी खरी उत्तर आणि चुंबकाची उत्तर यांत पंधरा अंशांच्या आसपास फरक आहे. हातातले वेगळे होकायंत्र हा फरक हिशेबात न धरता वापरले तर शंभर मीटर चालण्यात माणूस पंचवीसेक मीटर बाजूला जातो. महाराष्ट्रात हा फरक एका अंशाहूनही कमी, त्यामुळे आपल्याकडे शिकलेल्याला याची सवयच नसते.

दुसरी : अंतर हे कावळ्याच्या उडण्याचे अंतर आहे, आणि तेही आडवे. यंत्राला मध्ये दरी आहे, ओढा आहे, शेताचे कुंपण आहे यातले काही ठाऊक नसते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहून पायथ्याच्या एखाद्या दगडाचा वेपॉइंट लावला तर अंतर नगण्य येईल, आणि तिथे पोचायला दिवस जाईल. म्हणून बाणामागे सरळ न जाता वाट धरावी, अंतर कमी होत चालले आहे एवढेच अधूनमधून पाहावे आणि डबा आपल्या काटकोनात आला की वाट सोडावी. निघण्याआधी गाडी लावली तिथे वेपॉइंट टाकायचा. ही गोष्ट सांगून कुणी ऐकत नाही. एकदा अंधारात गाडी शोधली की आपोआप अंगवळणी पडते.

शेवटचे दहा मीटर. मोकळ्या आकाशाखाली चांगले यंत्र तीन ते पाच मीटर चुकते, झाडीत दहा आणि त्याहून जास्त. पडद्यावर ‘अचूकता ३ मीटर’ दिसते ती हमी नव्हे, यंत्राने स्वतःबद्दल केलेला अंदाज आहे. त्यात लपवणाऱ्याच्या यंत्राची चूक वेगळी, ती पडद्यावर कधीच दिसत नाही. त्यामुळे अंतर शून्यावर आणण्याचा हट्ट व्यर्थ आहे. नवशिका मान खाली घालून आकड्याच्या मागे गोल गोल फिरतो. अंतर चारचे सहा होते, सहाचे तीन, आणि बाण गरगरत राहतो. जाणकार दहा मीटरवर थांबतो. यंत्र दगडावर ठेवतो, मिनिटभर स्थिर होऊ देतो, बाणाची रेघ मनात ओढतो. मग वीस पावले बाजूला जाऊन पुन्हा तेच करतो. दोन रेघा जिथे छेदतात तिथून शोध सुरू. आता काम डोळ्यांचे : कुणी मुद्दाम रचल्यासारखे दिसणारे तीन दगड, सालीशी न जुळणारा सालीचा तुकडा, गरजेपेक्षा एक जास्त असलेला बोल्ट.

सराव अंगणातही होतो. एका जागी उभे राहून वेपॉइंट टाकावा, दोनशे पावले लांब जावे आणि ‘गो टू’ लावून परत यावे. यंत्र ‘पोचलात’ म्हणेल तिथे खडूने खूण करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी पुन्हा. तीन खुणा तीन ठिकाणी पडलेल्या दिसल्या की यंत्रावर किती भरवसा ठेवायचा ते कुठल्याही माहितीपुस्तिकेपेक्षा नीट समजते. हेच पुढे डबा लपवताना कामी येते : एकदाच आकडा न घेता काही मिनिटांची सरासरी घ्यावी, जमल्यास दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा घ्यावी. सरासरी काढण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. ती न वापरणाऱ्याचा डबा शोधणाऱ्यांच्या शिव्या खातो.

यंत्र की फोन. आता बहुतेक जण फोनवरच खेळतात आणि शहरात ते पुरतेही. वेगळ्या यंत्राची बाजू पावसात कळते. ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही. बटणांचे यंत्र देते. दोन पेन्सिल सेलवर ते वीसेक तास चालते आणि सेल वाटेतल्या टपरीवरही मिळतात. एक सावधगिरी : साधे जीपीएस यंत्र फक्त ऐकते, बोलत नाही. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे दिसायला अशीच असतात, पण सॅटेलाइट फोनप्रमाणे ती भारतात परवान्याशिवाय बाळगणे अंगाशी येते. परदेशातून येणारे पाहुणे विमानतळावर अडकले आहेत.

महाराष्ट्रात. इथे हा खेळ अजून विरळ आहे. डबे आहेत ते प्रामुख्याने मोठ्या शहरांत, आणि बरेच परदेशांतून आलेल्यांनी ठेवलेले. यंत्र मात्र डोंगरभटक्यांना नवे नाही. वेपॉइंट, ट्रॅक हे शब्द ट्रेकर सहज वापरतात. चालून गेलेल्या वाटेचा ट्रॅक ठेवून धुक्यात त्याच वाटेने परतणे हाच त्यांचा मुख्य उपयोग. डबा ठेवायचा तर अडचणी इथल्या आहेत. संरक्षित गडाच्या तटबंदीत, लेण्यांत काही खोचणे कायद्यात आणि खेळाच्या नियमांतही बसत नाही. रेल्वेच्या हद्दीत तर विचारही करू नये. ज्या शहरात बेवारस वस्तूला हात लावू नका असे दिवसभर ऐकवले जाते, तिथे चिकटपट्टी गुंडाळलेला डबा म्हणजे बॉम्बशोधक पथकाला आमंत्रण. डबा पारदर्शक असावा, वर ठळक अक्षरांत खेळाचे नाव असावे आणि जागेच्या मालकाला सांगितलेले असावे. पूर्वी कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी या कामी जगभर वापरली जाई. सह्याद्रीच्या पावसात ती टिकत नाही : जुलैमध्ये ठेवली तर ऑगस्टमध्ये आत कागदाचा लगदा मिळतो. रबरी कड असलेला चार बाजूंनी बंद होणारा डबा, आत झिपची पिशवी आणि शाईच्या पेनऐवजी पेन्सिल, एवढे केले तर वही दिवाळीपर्यंत वाचता येते.