एनएचएस : ब्रिटनची सार्वत्रिक आरोग्यसेवा

ब्रिटनमध्ये मुख्यतः करांच्या पैशांवर चालणारी सरकारी आरोग्यसेवा. पूर्ण नाव नॅशनल हेल्थ सर्विस. लोकांच्या तोंडी एनएचएस. अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालात तिची कल्पना होती. मजूर पक्षाचे आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन यांनी ५ जुलै १९४८ रोजी ती सुरू केली. डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध होता. तज्ज्ञ डॉक्टरांना खाजगी प्रॅक्टिसची मुभा देऊन बेव्हन यांनी तो मोडला. सगळेच मोफत हे तत्त्व मात्र फार टिकले नाही. १९५१ मध्ये कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचे ठरले, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

रुग्ण प्रथम आपल्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे नोंदणी केलेल्या फॅमिली डॉक्टरकडे जातो. तातडीची गरज नसेल तर त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाची भेट सहसा मिळत नाही. या चाळणीमुळे विनाकारण तपासण्या कमी होतात. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी निघतो तेव्हा त्याच्या हाती औषधांची पिशवी आणि डिस्चार्जचा कागद असतो, बिल नसते. भरती होताना अनामत नाही, विमा कंपनीच्या मंजुरीसाठी ताटकळणे नाही. आजारपणात घर गहाण पडत नाही, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण. बाकीचे गुण त्याच्या मागून येतात. देशभराचा ग्राहक एकच असल्याने औषध कंपन्यांशी भावही नीट करता येतो. कोणत्या औषधाचा गुण त्याच्या किमतीच्या मोलाचा आहे, हे ठरवायला १९९९ पासून ‘नाइस’ ही संस्था आहे. एखादे महागडे कॅन्सरचे औषध तिने नाकारले की गदारोळ होतो, पण असा नकार कुठल्याही व्यवस्थेत कोणीतरी देतच असते. इथे तो निदान कारणांसह जाहीर होतो.

दोषांत पहिला म्हणजे रांग. पैशाची अडचण हटली, तिच्या जागी वेळेची आली. इंग्लंडमध्ये १०० पैकी ९२ रुग्णांना १८ आठवड्यांत नियोजित उपचार मिळावेत असा नियम आहे. २०१६ पासून तो पाळला गेलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रतीक्षायादी सुमारे ७७ लाख प्रकरणांवर गेली होती. जीपीची वेळ मिळवायला सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा, हा अनेक ठिकाणचा शिरस्ता. ज्याला परवडते तो गुडघ्याची शस्त्रक्रिया खाजगीत करून मोकळा होतो. म्हणजे विषमतेला मागच्या दाराने वाट फुटते.

रांगेचा सगळा दोष मोफत उपचारांवर टाकणे मात्र बरोबर नाही. १९४८ मध्ये रुग्णालये सरकारकडे आली, पण वृद्धांची घरची देखभाल स्थानिक परिषदांकडेच राहिली आणि इंग्लंडमध्ये तिच्यासाठी ऐपत पाहून पैसे घेतले जातात. परिणामी बरी झालेली आजी घरी मदतनीस मिळेपर्यंत वॉर्डातच राहते आणि खाली इमर्जन्सीत दुसरा कोणी खाटेविना स्ट्रेचरवर पडून असतो.

मनुष्यबळाबाबत ही सेवा सुरुवातीपासून परदेशावर विसंबून आहे. भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी वेल्सच्या कोळसा खोऱ्यांत आणि औद्योगिक शहरांत, जिथे स्थानिक डॉक्टर जायला नाखूश होते, तिथे दवाखाने चालवले. दीर्घ व्हिसावर ब्रिटनमध्ये येणाऱ्या बहुतेकांना आता या सेवेसाठी वेगळा आरोग्य अधिभार भरावा लागतो; फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी तो वर्षाला १,०३५ पौंड झाला. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी गेलेला माणूस पगारातून करही देतो आणि हा अधिभारही, त्यामुळे त्याला एकाच सेवेचे पैसे दोनदा मोजल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे चुकीचे नाही.