घोरण्यामधली शांतता

‘घोरतोय ना, म्हणजे गाढ झोप लागलीय,’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण शेजारी जागं राहून ऐकलं तर काहींचं घोरणं मध्येच तुटतं. दहा, वीस, कधी तीस सेकंद काहीच आवाज नाही. छाती-पोट मात्र हलत असतं, कारण माणूस श्वास ओढायला धडपडत असतो आणि सैल पडलेल्या घशाने वाट बंद केलेली असते. मग एकदम घुसमटल्यासारखा मोठा श्वास आणि घोरणं पुन्हा चालू. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही.

या शांततेकडे वैद्यकाचं लक्ष फार उशिरा गेलं. १९५६ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी एका स्थूल रुग्णाची हकिगत लिहिली. पत्त्यांच्या डावात हुकमी पानं हातात असताना त्याला डुलकी लागली होती. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या सदा पेंगणाऱ्या जाड्या पोरावरून त्यांनी या आजाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटलं. दोष दिला तो वजनाला आणि रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला. रुग्ण रात्री कसा झोपतो, हे पाहिलंच गेलं नाही.

ते १९६५ मध्ये पाहिलं गेलं, फ्रान्समधल्या मार्सेयला आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्गला. झोपेतला श्वास आणि मेंदूच्या लहरी एकत्र नोंदवल्यावर कळलं, की श्वास पुन्हापुन्हा अडतो आणि दर वेळी मेंदू क्षणभर जागा होतो. रात्रभर झोपूनही झोप होतच नाही! १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन गिलमिनो यांनी ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ (ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं) हे नाव रूढ केलं. सडपातळ माणसांनाही तो होतो, हेही तोवर दिसलं होतं.

उपाय मात्र एकच होता, गळ्याला भोक पाडणं. दिवसा बूच लावायचं, रात्री काढायचं. गुण यायचा, पण असं जगायला कोण तयार होणार? १९८० मध्ये सिडनीत असाच नकार देणाऱ्या एका रुग्णावर कॉलिन सलिव्हन यांनी वेगळा प्रयोग केला. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून नाकातून हवेचा हलका दाब दिला. घसा उघडा राहिला, रुग्ण रात्रभर झोपला. आजचं सीपॅप यंत्र यातूनच आलं.

मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांच्या २००४ च्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे साडेसात टक्क्यांना हा आजार असल्याचा अंदाज निघाला. रात्री काय झालं हे रुग्णाला स्वतःला आठवत नाही, म्हणूनच तपासणीला येताना, त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसालाही सोबत आणा, असं डॉक्टर सांगतात.